शाळेच्या दारावरचं एक मत

इनेझ मावशीचं घर आमच्या न्यू डोर्नमध्येही नव्हतं आणि पलीकडच्या कॉन्स्टन्समध्येही नव्हतं. दोन गावांच्या मधून जो कालवा समुद्राकडे जातो, त्याच्या तोंडाशी लाकडाचं मोठं दार आहे. ओहोटीला ते वर ओढायचं आणि शेतातलं पाणी समुद्रात सोडायचं, भरती लागली की खाली पाडायचं. विसरलं तर समुद्र चुलीपर्यंत येतो. त्या दारावरच्या माणसाला राहायला सरकारनं दोन खोल्या बांधून दिल्या होत्या, तेच मावशीचं घर. तिचा बाप कॉम्प्टन हा दारवाला होता, कॉन्स्टन्सचा, काळा. आई राजदाई आमच्यातली, हिंदुस्थानातून बोटीनं आलेल्या मजुरांच्या वंशातली, न्यू डोर्नची. राजदाई त्याच्याकडे निघून गेली तेव्हा तिच्या बापानं तिच्या नावानं आंघोळ केली आणि अंगणातल्या पूजेच्या झेंड्यांशेजारी तिची बाहुली पुरली, असं सांगतात.

अशा जोडप्याच्या मुलांना गयानात दोगला म्हणतात. शिवी द्यायची असली तरी तोच शब्द, आणि कुणी सहज ओळख विचारली तरी तोच.

मावशीला त्याचं काही वाटायचं नाही, निदान ती तसं दाखवायची नाही. "केस बापाचे, नाक आईचं," ती म्हणायची. "जीभ मात्र मी स्वतः कमावली." आणि ती खरोखरच कमावलेली होती. राजदाईची आई नवऱ्याच्या चोरून मागच्या दारानं नातीला स्वयंपाकघरात घ्यायची. तिच्याजवळच ही पोर लग्नकार्याच्या पानातल्या सातही भाज्या शिकली: भोपळा, अरवी, कटहल म्हणजे फणस, चणे-बटाटा, आंब्याचं लोणचं, पालेभाजी आणि डाळ. पुढे म्हातारा गेला. तेराव्याच्या दिवशी आचारी रम पिऊन पडला आणि दोनशे माणसं पानं घेऊन बसली. तेव्हा आजीनं नातीला सगळ्यांसमोर पुढच्या दारानं आत आणलं. ज्यानं लेकीला मेलेली ठरवली, त्याच्या तेराव्याला गावानं त्याच लेकीच्या लेकीच्या हातचं बोटं चाटून खाल्लं. त्या दिवसापासून न्यू डोर्नमध्ये लग्न असो की पूजा, मोठ्या पातेल्यापाशी इनेझ मावशीच.

डाळ घोटायची तिची एक लाकडी रवी होती, आजीची. ती दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. जेवणाची पानंही तीच आणायची. मागच्या तळ्यात कमरेइतक्या पाण्यात उतरून कमळाची मोठी पानं खुडायची, धुवायची आणि ओल्या गोणपाटात उलटी रचून ठेवायची. "ताटात वाढलेलं जेवण, पानावर वाढलेली माया," असं तिचं म्हणणं.

माझे मोठे दीर जैनरीन यांची मुलगी अंजनी मावशीच्याच कडेवर वाढली. अंजनीच्या जन्मानंतर माझी जाऊ बरेच महिने अंथरुणाला खिळली होती. मावशी रोज सकाळी कालव्याच्या कडेनं चालत यायची, पोरीला न्हाऊमाखू घालायची, भाताची पेज भरवायची. पोर रडायला लागली की म्हणायची, "रड, रड. तुझ्या लग्नाची डाळ मीच घोटणार आहे, तेव्हा बघते कशी रडतेस ते." अंजनीला बोलता यायला लागल्यावर तीही विचारायची, "मावशी, माझी डाळ कधी?" त्या घरात हा विनोद वीस वर्षं चालला. अंजनीचं लग्न ठरल्यावर पहिला निरोप मावशीला गेला. मावशीनं रवी उन्हात ठेवली आणि तिला खोबरेल तेल लावलं.

लग्नाच्या आधी राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आली.

आमच्याकडची निवडणूक म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. आमच्या पक्षाचा उमेदवार आमच्यासारख्या चेहऱ्याचा, त्यांच्या पक्षाचा त्यांच्यासारख्या. बाकी रस्ता, दवाखाना, भाताचा भाव वगैरे भाषणात असतं. मत देताना मनात दोनच शब्द असतात, आमच्या आज्यापणज्यांनी बोटीतून सोबत आणलेले: अपन जात. त्या वर्षी मात्र एक तिसरी बाई उभी राहिली. कोरेटा मंगल. बाप मंगल, आमच्यातला; आई काळी. ती निवडून येणार नाही हे तिलाही ठाऊक असावं.

हरदत्तच्या दुकानात रोज संध्याकाळी चर्चा व्हायची. हरदत्त आमच्या पक्षाचा गावातला माणूस. दुकानाच्या फळीवर उमेदवाराचं चित्र, खाली मिठाच्या गोण्या. मी तांदूळ घ्यायला गेले होते आणि मावशी मोहरीसाठी आली होती.

"मावशी, यंदा तुझी चैन आहे," हरदत्त म्हणाला. "तुझी जात उभी राहिलीय."

"माझी जात? माझी जात भांडी घासणाऱ्यांची. ती उभी राहिली की सांग, पाठ दुखत असली तरी येईन."

बाकावर बसलेले सगळे हसले. हरदत्तही हसला, पण त्यानं विषय सोडला नाही. "खरं बोल ना. केस तुझ्यासारखेच आहेत बाईचे."

"म्हणून मत देऊ? उद्या माझ्यासारख्या केसांच्या बाईनं भात करपवला तर तोही गोड म्हणून खाऊ?" मावशीनं मोहरीची पुडी पदरात बांधली. "मला पंप पाहिजे, हरदत्त. दार नुसतं उचलून पाणी जात नाही आता, समुद्र वर आलाय. मागच्या पावसात माझी चूल तरंगत होती. तुझ्या पक्षाच्या माणसानं पंप बसवतो म्हणून सांगितलंय आणि पाया खणलाय. मी त्याला देणार. पंप चालू करणारा निळा असला तरी मला चालेल."

"तू पंपाला मत देतेस," हरदत्तचा आवाज बदलला. "आम्ही पंपाला नाही देत. दंगलीत त्यांनी माझ्या बापाचं घर जाळलं होतं. मी आईच्या पदराखाली उसात लपलो होतो. तेव्हा त्यांच्या हातात सरकार होतं. ते मी विसरू?"

मावशीनं पुडीची गाठ घट्ट केली. "नको विसरूस," ती म्हणाली. "त्याच आठवड्यात माझा काका बोटीतून घरी येत होता, काळा म्हणून त्याला मारून कालव्यात टाकलं. आमच्याच दाराशी येऊन लागला तो. बापानं दार उचललं तेव्हा दिसला. तेही नको विसरूस."

मी तांदूळ घेऊन निघाले.

मतदानाच्या आधीच्या रविवारी कोरेटा मंगलची लॉरी मोठ्या रस्त्यानं गेली. मागे दोन गाड्या, भोंगा, आणि लॉरीवर ती बाई उभी. मावशी पुलावर मासे साफ करत होती आणि मी पलीकडे बसची वाट पाहत होते. लॉरी जवळ आली तशी मावशी उठली. त्या बाईनं हात हलवला. मावशीनं हलवला नाही. लॉरी दिसेनाशी होईपर्यंत ती तशीच उभी राहिली. हाताला खवले, पदराला पुसायचंही भान नव्हतं. मग खाली बसली आणि पुन्हा सुरी घेतली.

मतदान आमच्या शाळेतच होतं, मावशीचंही नाव तिथल्याच यादीत. मी तिथे शिकवते. माझी लेक रेश्मी जॉर्जटाउनच्या विद्यापीठात होती, पहिलंच मत म्हणून मुद्दाम बसनं आली. बोट जांभळ्या शाईत बुडवून बाहेर आली आणि संध्याकाळी परीक्षेसाठी परत गेली. तिनं कुणाला दिलं हे मी विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात काही आहे असं मला वाटलंच नव्हतं.

मोजणी झाली की कागद शाळेच्या दारावर चिकटवतात. सगळं गाव जमलं होतं. हरदत्त पुढे होऊन मोठ्यानं वाचत होता. आमचा पक्ष: टाळ्या. त्यांचा पक्ष: गावात मास्तर, पोलीस वगैरे जी काळी घरं आहेत तेवढी मतं. ते ठरलेलंच होतं. मग तो थांबला, कागदाजवळ वाकला, आणि म्हणाला, "मंगल. एक."

मावशी आवारातल्या नळाजवळ उभी होती. कुणी तिचं नाव घेतलं नाही. फक्त एकेक मान तिच्याकडे वळली. ती कागदाकडेच पाहत होती. मला वाटतं, तिला आधी कळलंच नाही की सगळे तिच्याकडे का बघतायत.

एका मताचं कुणी काही मनात ठेवलंही नसतं. पण चार दिवसांनी निकाल आला आणि आमचा पक्ष थोडक्यात हरला. देशभरात हजारो मतांचा फरक होता, पण हजारो मतांना तोंड नसतं. आमच्या गावाला एक तोंड सापडलं होतं.

"आमचं मीठ खाल्लं, आणि वेळ आली तेव्हा रक्ताला जागली," हरदत्त दुकानात बोलला. मावशी समोर उभी असताना बोलला.

"मी आपल्याच माणसाला दिलं," मावशी म्हणाली.

"मग ते एक कुणाचं?"

"मला काय ठाऊक? मी काय पेटीत बसले होते?"

एरवी अशा उत्तरावर बाक हसला असता. त्या दिवशी हसला नाही.

त्यानंतर गोष्टी मुकाट्यानं होत गेल्या. एका पूजेला मावशीला निरोप गेला नाही. दुसऱ्या घरी गेला, पण फक्त पानं आणायचा. जैनरीन भावजींनी बर्बिसकडचा आचारी ठरवला. मी त्यांना म्हटलं, "भावजी, अंजनीला मावशीनं वाढवलंय." ते म्हणाले, "मलाही कळतं ते. पण गाव जेवायला बसलं नाही तर मी काय करू? सातही भाज्या तळ्यात ओतू?" तेही काही दुष्ट नव्हते. त्यांच्या घरात लेकीचं लग्न होतं.

लग्न रविवारी. शनिवारी दुपारपासून भाज्या चिरायला सगळे भावजींच्या घराखाली जमले. आमची घरं खांबांवर उभी, खालीच चुली मांडतात. रेश्मी त्याच सकाळी आली होती. भोपळ्याच्या फोडी करता करता तिनं वर पाहिलं. "मावशी कुठाय? अजून कशी नाही आली?"

कुणीतरी खोकलं. माझी जाऊ चुलीकडे वळली.

"तिनं तिच्या जातीला मत दिलं," हरदत्त म्हणाला. "आता तिच्या जातीत रांधू दे."

"कुठलं मत?"

"शाळेच्या दारावर लागलं होतं ते. मंगल, एक."

रेश्मीनं सुरी खाली ठेवली. "ते माझं होतं."

सगळ्यांच्या सुऱ्या थांबल्या. मग पहिल्यांदा जैनरीन भावजी हसले आणि पाठोपाठ सगळेच.

"पोरगी गुणाची आहे हो," हरदत्त म्हणाला. "लहानपणी मावशीनं भरवलं, त्याला जागतेय."

"काका, मी खरं सांगतेय. ते मत मी दिलं."

"आणि का दिलंस? ती तुझी कोण?"

"कुणीच नाही. शाळांबद्दल, बुडणाऱ्या किनाऱ्याबद्दल ती जे बोलली ते मला पटलं. बाकीच्या दोघांपेक्षा बरं वाटलं."

"पटलं म्हणे!" बाकावरची एक म्हातारी पोट धरून हसायला लागली. "अगं, तुझा आजा ऐकत असेल वर! हिंदू पोर उठते आणि दोगलीला मत देते, का तर म्हणे पटलं!"

"खोटं बोलू नकोस, रेश्मी," भावजी आता हसत नव्हते. "घरात मंगलकार्य आहे. तिच्यावरचं बालंट अंगावर घेऊन तू तिला वाचवायला बघतेस, हे मला कळतंय. पण पुरे."

तिच्या चेहऱ्याकडे पाहताच मला कळलं होतं की ती खरं बोलतेय. माझी लेक खोटं बोलताना खाली बघते. त्या क्षणी ती सगळ्यांच्या डोळ्यांत बघत होती. आणि सगळे तिच्याकडे मायेनं बघत होते. कुणाला राग आला नाही. राग यायला आधी विश्वास बसावा लागतो. आमची पोर अशी वागूच शकत नाही, आणि ती बाई दुसरं काही करूच शकत नाही, हे त्यांना कागदाच्याही आधीपासून माहीत होतं. मी तिचा दंड धरला आणि तिला बाहेर नेलं.

आम्ही दोघी मागच्या तळ्याकडे गेलो. मावशी तिथेच होती. कमरेइतक्या पाण्यात उभी राहून पानं खुडत होती, अंजनीच्या लग्नाची. पानांचा निरोप तिला मिळाला होता.

रेश्मीनं काठावरूनच सगळं सांगितलं. बोलता बोलता ती रडली. मावशी ऐकत होती आणि हातातल्या पानावरचं पाणी झटकत होती. मग हसली.

"तू? अगं बया! आणि मी म्हणत होते, या गावात माझ्याहून वेडं कोण आहे."

"मावशी, मी पुन्हा सांगेन. पंडितजींना सांगेन. दारावर लिहून लावेन."

"काही नको. लावलंस तरी म्हणतील मीच लिहून घेतलं." ती काठाशी आली आणि पानं माझ्या हातात दिली. "आणि मानलंच खरं, तर तुझं काय? तुला इथेच राहायचंय. आईकडे बघ, कशी पांढरी पडलीय."

मी पानं गोणपाटात उलटी रचायला लागले.

"मी पंपाला दिलं," मावशी म्हणाली. पाण्यात उभी राहूनच बोलत होती, आमच्याकडे न बघता. "खरंच दिलं. पण एक सांगू? त्या दिवशी ती लॉरीवरून गेली ना, तेव्हा छातीत कळ आली. माझ्यासारखं कुणी उंचावर उभं राहिलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. पडद्याआड पेन्सिल घेतली तर हात तिकडेच जायला लागला. मी त्याला दटावलं. म्हटलं, डाळ आपण चाखून बघतो, रंग बघून पास करत नाही. आणि आपल्या माणसापुढे फुली मारली." तिनं आणखी एक पान खुडलं. "आता वाटतं, हाताचं ऐकायला हवं होतं. नाव तर झालंच. निदान मत तरी माझं असतं."

संध्याकाळी भावजींचा गडी हातगाडी घेऊन आला आणि पानं घेऊन गेला.

लग्न चांगलं झालं. ताशा वाजला, लोक नाचले. पानं हिरवीगार होती, एकही फाटलेलं नव्हतं. सगळं गाव मावशीनं धुतलेल्या पानांवर जेवलं. तिच्या हातच्या पानांना कुणाची हरकत नव्हती. अंजनीनं डाळीचा पहिला घास घेतला आणि माझ्या जावेकडे बघितलं. जाऊ खाली बघत राहिली. अंजनीनं तो घास गिळला. नवरीनं पानावरून उठायचं नसतं.

पाठवणीची गाडी कालव्याच्या पुलावरून गेली. मावशी कालव्याच्या दाराशी उभी होती, कॉम्प्टननं दाराच्या दोरासाठी रोवलेल्या जुन्या खुंटाला टेकून. गाडी थांबली नाही. मागच्या खिडकीतून मेंदीचा हात मात्र बाहेर आला आणि वळणापर्यंत बाहेरच राहिला.

रेश्मी तिच्यासाठी पान वाढून घेऊन गेली. मावशीनं भातात डाळ कालवली, चाखली. "गुठळ्या राहिल्यात," म्हणाली. मग सगळं संपवलं, पान दुमडलं आणि कालव्यात सोडलं.

त्यानंतर न्यू डोर्नमध्ये ती कुठे रांधायला गेली नाही. कॉन्स्टन्सला बापाच्या माणसांत गेली, तर तिथे म्हणाले, एवढी वर्षं न्यू डोर्नच्या कुलींची चूल फुंकलीस, आता आमची आठवण झाली का? पंप बसलाच नाही. नव्या सरकारनं काम थांबवलं. पुढच्या मोठ्या पावसात घरात गुडघाभर पाणी होतं, त्यातच तिला ताप भरला. रेश्मी सुट्टी घेऊन आली आणि शेवटपर्यंत जवळ राहिली. रवी मावशीनं तिलाच दिली.

मयताला दोन्ही गावांची थोडी थोडी माणसं आली. रीतीप्रमाणे रात्रीचं जागरण झालं: कॉफी, बिस्किटं, डॉमिनोच्या सोंगट्यांचा आवाज. हरदत्त पुलापर्यंत आला, टोपी काढून उभा राहिला, आत मात्र आला नाही. मी त्याला कॉफी नेऊन दिली, रेश्मी माझ्यामागे होती.

"बाई वाईट नव्हती," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे खरोखर भरले होते. "अशी डाळ पुन्हा व्हायची नाही. फक्त ते एक मत..."

"काका, ते माझं होतं," रेश्मी म्हणाली.

"हो हो, बाळा," हरदत्तनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझं मन मला माहीत आहे."

सोमवारी पुन्हा मतदान आहे. या वेळीही कुणी तिसरा उभा आहे म्हणतात. रेश्मी उद्या सकाळच्या बसनं येतेय. मी डाळ भिजत घातली आहे, आणि ती आली की काय सांगायचं ते मनात जुळवते आहे: हरदत्तच्या दुकानात जाऊ नकोस, शाळेत कुणाशी बोलू नकोस, कुणाला द्यायचं ते दे पण लोकांत मिसळून जाईल असं दे, एकटं पडेल असं देऊ नकोस. ती ऐकणार नाही. ती मावशीची रवी घेईल, डाळ घोटायला बसेल, आणि विचारेल, "आई, या वेळी ते एक मत कुणाच्या माथी मारतील?"

गावात आता दुसरं दोगलं माणूस नाही.